खाज एका लेकराची, औषध घरादाराला



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवण्यात घालवली. त्यामुळे विषय लहान मुलांचा हवा, एवढी एकच अट आयोजकांनी घातली होती. मी खरूज, पुळ्या आणि नायटा असे तीन शब्द लिहून पाठवले. निमंत्रणपत्रिकेवर त्याचे ‘बालकांचे त्वचाविकार : काही विचार’ झाले. तक्रार नाही. पण आज मी बोलणार आहे ते खरूज, पुळ्या आणि नायटा याच नावांनी. दवाखान्यात येणारी आई हेच शब्द वापरते आणि माझे म्हणणे तिच्यासाठीच आहे.

या आजारांनी सहसा माणूस मरत नाही. म्हणून त्यांची बातमी होत नाही आणि सभागृहातही त्यांच्यावर कुणी बोलत नाही. आकडे मात्र दचकवणारे आहेत. कुठल्याही एका दिवशी जगात २० कोटींहून जास्त माणसांच्या अंगात खरजेचा किडा असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पू भरलेल्या, खपली धरलेल्या पुळ्या, ज्यांना डॉक्टर ‘इम्पेटायगो’ म्हणतात, त्या एका वेळी १६ कोटी २० लाख मुलांच्या अंगावर असतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. दुर्लक्षित आजारांच्या यादीत खरूज आली ती २०१७ साली. म्हणजे दुर्लक्षितांच्या यादीत यायलासुद्धा तिला इतकी वाट पाहावी लागली.

खरजेचा इतिहास थोडा सांगतो, कारण आपण आजही ज्या चुका करतो त्यांची मुळे तिथे आहेत. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात जोव्हानी बोनोमो नावाचा डॉक्टर आणि चेस्तोनी नावाचा औषधविक्या राहत होते. गरीब बायका खरूज झालेल्या पोरांच्या हातातून टाचणीच्या टोकाने काहीतरी बारीक उकरून काढतात आणि उवेसारखे नखावर चिरडतात, हे त्यांनी पाहिले. दोघांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कोळ्याच्या जातकुळीतला, आठ पायांचा, जेमतेम दिसेल न दिसेल असा किडा! १६८७ साली त्यांनी फ्रान्चेस्को रेदी या शास्त्रज्ञाला पत्र लिहून कळवले की खरूज या किड्यामुळे होते आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर तोच जातो.

आता एवढे स्पष्ट कळल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही. मोठमोठे वैद्य पुढची दीडशे वर्षे रक्तदोष, शरीरातले बिघडलेले रस यांतच अडकून राहिले. १८१२ साली पॅरिसमध्ये गालेस नावाच्या माणसाने खरजेचा किडा म्हणून एक चित्र छापले. ते चीजमध्ये सापडणाऱ्या किड्याचे असल्याचे पुढे दाखवून देण्यात आले आणि ‘किडा वगैरे सगळे थोतांड’ म्हणणाऱ्यांना आयताच जोर आला. शेवटी १८३४ साली रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला. तो मूळचा कॉर्सिका बेटावरचा, आणि ही कला तो तिथल्या खेडवळ बायकांकडे पाहून शिकला होता. दोन्ही वेळा आधी बायकांना माहीत होते, विद्यापीठाला मागाहून कळले. रात्री पोर झोपत नाही, सारखे खाजवते, आणि धाकट्यालाही आता सुरू झालेय, असे आई सांगते, तेव्हा निम्मे निदान तिने केलेले असते. डॉक्टरने फक्त लिहून घ्यायचे.

रक्तदोषाची कल्पना आपल्याकडेही ठाण मांडून बसली आहे. खरूज झाली की वांगे बंद, मासळी बंद, अंडे बंद, आंबट बंद. आधीच हाडे दिसणाऱ्या पोराच्या ताटातले उरलेसुरलेही काढून घ्यायचे. खरजेच्या किड्याला वांग्याशी काही देणेघेणे नाही.

दुसरी कल्पना अस्वच्छतेची. ती जास्त बोचते, कारण तिच्यामुळे लोक आजार लपवतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये खरूज फार पसरली. सैनिकांच्या पांघरुणांतून आणि कपड्यांतून ती पसरते असे धरून सरकार ढीगच्या ढीग घोंगड्या भट्टीत तापवत होते. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने १९४१ साली शेफील्डमध्ये हे तपासायला घेतले. त्याला स्वयंसेवक मिळाले ते युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे शांततावादी तरुण. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले अंतर्वस्त्र त्यांनी अंगात घातले, त्यांच्या घोंगड्यांत उघड्या अंगाने झोपले. बहुतेकांना काहीही झाले नाही. मग त्यांना खरूज असलेल्या माणसाशेजारी एकाच अंथरुणात झोपवले, तेव्हा खरूज झाली. मेलनबीने आणखी एक गोष्ट मोजली. रुग्णाच्या अंगावर पूर्ण वाढलेल्या किड्याच्या माद्या असतात तरी किती? सरासरी अकराच्या आसपास! एवढ्या मूठभर किड्यांनी घरादाराची झोप उडते.

यातून निघते ते असे. किडा जातो तो कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली म्हणजे. एका वाकळेखाली तीन भावंडे झोपली, आई तान्ह्याला कुशीत घेऊन निजली, आजीने नातवाला मांडीवर थोपटले की गेला. म्हणजे माया आणि जागेची टंचाई, या दोन वाटांनी. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या घरातही खरूज होते, आणि साबणाने घासून ती जात नाही. उलट घासणाने कातडी सोलवटते आणि पुळ्यांना आयते दार उघडते. जंतुनाशक द्रव पाण्यात ओतून अंघोळ घालतात, त्यानेही किडा मरत नाही. कडुलिंबाचा पाला टाकला तर टाका, मी भांडणार नाही. पण औषध लावायचे ते लावा.

आणि हे औषध लावण्यातच सगळे फिसकटते. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगात शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तेवढा काळ माणूस खाजवत नाही, पण वाटत मात्र असतो. त्यामुळे खाजणाऱ्या पोराला औषध लावले आणि ‘मला कुठे काय होतंय’ म्हणणाऱ्या बापाला सोडले, की महिन्याभरात पोर पुन्हा दारात उभे. मग औषध कुचकामी ठरते, डॉक्टर बदलला जातो. औषध चांगले असते. ते एकाच अंगाला लागलेले असते.

तेव्हा पद्धत सांगतो, जरा तपशिलात. परमेथ्रिनचे ५ टक्क्यांचे मलम घ्यायचे. ज्या छपराखाली जितकी माणसे झोपतात तितक्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे. खाज असो वा नसो. मोठ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत. अगदी लहान मुलांना डोक्याला, कानामागे आणि चेहऱ्यालाही, फक्त डोळे आणि तोंडाची कड सोडून. बोटांच्या बेचक्या, नखांच्या आत, मनगट, काख, बेंबी, जांघ, ढुंगण. करदोटा, गंडा, ताईत, काळा दोरा, वाळे यांच्याखाली बोट घालून लावायचे, कारण किडा नेमका तिथे मुक्काम करतो. लावून झाल्यावर हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे, हे हटकून विसरते. तान्हे बोटे चोखते म्हणून हातात मोजे घालायचे. आठ ते बारा तास राहू द्यायचे, सकाळी आंघोळ. आणि एका आठवड्याने हाच सगळा सोहळा पुन्हा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे औषध आपल्या मनाने लावू नये. त्याच्यासाठी डॉक्टर बहुधा गंधकाचे मलम देतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही आहेत, पण १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत.

एवढे करूनही खाज लगेच थांबत नाही. मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत राहतात आणि दोनतीन आठवडे, कधी महिनाभर, कंड सुटतो. या काळात लोक रोज मलम चोपडत सुटतात आणि कातडी भाजून घेतात. दोन हात झाले की थांबायचे.

कपड्यांचे काय? किडा अंगाबाहेर दोनतीन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्या रात्री वापरातले कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकल्या की पुरे. कोकणात आषाढात ऊन कुठून आणायचे, असे एका बाईंनी मला रास्तपणे विचारले होते. तिथे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून तीन दिवस कोपऱ्यात ठेवून द्यायचे. गाद्या जाळायची गरज नाही. भिंतींना चुना मारायचीही नाही.

खरूज ओळखायची कशी, तेही पाहून ठेवा. मुलाचा हात उजेडात धरा आणि बोटे फाकवा. बेचकीत, मनगटाच्या आतल्या बाजूला एक करडी, नागमोडी, अर्धा सेंटिमीटरभर लांबीची रेघ दिसते, पेन्सिलीचे टोक ओझरते लागल्यासारखी. मादीने कातडीत खणलेला हा बोगदा. तिथे फाउंटनपेनच्या शाईचा थेंब चोळायचा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. वरची शाई जाते, बोगद्यात शिरलेली राहते आणि रेघ निळीशार उमटते. ही जुनी युक्ती आहे. तान्ह्यांमध्ये मात्र तळहात, तळपाय चांगले पाहावेत. तिथे पाण्याने भरलेले बारीक फोड असतात आणि पुष्कळदा ‘उष्णता झाली’ म्हणून ते सोडून दिले जातात.

आता पुळ्यांकडे येतो. खरजेची खाज असो, डासाचा चावा असो, इसब असो की उवांनी खाजवलेले डोके. नखाने कातडी फुटली की स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस हे दोन जंतू आत शिरतात. आधी पाण्याचा फोड, मग पू, मग मधाच्या रंगाची चिकट खपली. नाकाखाली, तोंडाच्या कडेला, गुडघ्यावर. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत जास्त. दोनचार पुळ्या असतील तर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने खपली मऊ करून अलगद काढायची आणि डॉक्टरांनी दिलेले म्युपिरोसिनसारखे मलम पाचएक दिवस लावायचे. खपलीवरून मलम थापले तर ते खपलीलाच लागते. पुळ्या अंगभर असतील, ताप असेल, तर पोटातून औषध लागते. ते सुरू होऊन एक दिवस उलटेपर्यंत मूल अंगणवाडीत पाठवू नये आणि त्याचा टॉवेल वेगळा ठेवावा.

यातला स्ट्रेप्टोकॉकस हा खोडसाळ. पुळ्या वाळून जातात, सगळे विसरतात आणि तीनएक आठवड्यांनी मूल सकाळी उठते ते डोळ्यांभोवती सुजलेले. लघवी थोडी, कोऱ्या चहाच्या रंगाची. मूत्रपिंडाला सूज आलेली असते. जंतू तिथे पोचलेले नसतात. त्यांच्याशी लढताना शरीराने जे तयार केले त्याचा गाळ तिथे अडकतो. रक्तदाब इतका चढू शकतो की मुलाला झटके येतात. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात, पण रुग्णालयात भरती करून. म्हणून चेहऱ्यावरची सूज आणि लालकाळी लघवी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि महिन्याभरात मुलाला पुळ्या किंवा खरूज झाली होती का, हे आपण होऊन सांगायचे. तो धागा डॉक्टरला नेहमी आपणहून सापडतोच असे नाही.

न थांबता दवाखाना गाठावा अशा आणखी काही वेळा आहेत. महिन्याच्या आतल्या बाळाच्या अंगावर पुवाचे फोड, बेंबीभोवती लाली, डोळ्याच्या पापणीला तापासह सूज, तास-दोन तासांत पसरत जाणारी गरम लाली, किंवा भाजल्यासारखी सोलून निघणारी कातडी. यात चुना-गुळाचा लेप लावून गळू पिकायची वाट पाहायची नसते. एरवीच्या साध्या गळवावरही चुना नकोच, आणि गळू पिळणे तर नकोच नको. गरम पाण्याचा शेक द्या. पिकले तर चीर द्यायला डॉक्टर आहे.

पुळ्या होऊच नयेत यासाठी सर्वांत स्वस्त गोष्ट कोणती, याचे उत्तर आपल्या शेजारच्या कराचीतून आले. तिथल्या झोपडवस्त्यांत स्टीफन लुबी आणि सहकाऱ्यांनी काही घरांना साबण दिला आणि दर आठवड्याला जाऊन हात धुण्याबद्दल घरच्यांशी बोलत राहिले. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलांतल्या पुळ्यांचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी, जुलाब ५३ टक्क्यांनी कमी, पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर. काही घरांना जंतुनाशक साबण दिला होता, काहींना साधा. दोहोंत फरक पडला नाही. म्हणजे दूरदर्शनवरच्या जाहिरातीत भिंगाखाली वळवळणारे जंतू दाखवून जो महाग साबण विकतात, त्याची काही गरज नाही. पण वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल, तर हात धुण्याचे धडे देणाऱ्याने आधी नळाचे बोलावे. बाकी नखे काप, हे वाक्य ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या बाईंनी हजारो मुलांना सांगितले असेल. मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी सांगतोय, असे त्यांना वाटले नसेल, पण ते तेवढे मोठे काम होते.

आता नायट्याकडे, म्हणजे बुरशीच्या आजाराकडे येतो, आणि ज्याचा मला खरा राग आहे ते सांगतो. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटले की काउंटरवरून एक ट्यूब सरकते. तिच्यात जंतूंवरचे एक, बुरशीवरचे एक, कधी आणखी एक औषध असते आणि त्या सगळ्यांच्या जोडीला क्लोबेटासॉलसारखे जहाल स्टिरॉइड. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते. घरचे खूश, दुकानदार देवमाणूस. पण स्टिरॉइड म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्याला झोपेची गोळी. बुरशी आत निवांत पसरत राहते, नायट्याची ठळक गोल कड पुसट होते आणि नंतर भल्या डॉक्टरालाही तो ओळखू येत नाही. खरजेवर लावले तरी हीच गत. लहान मुलाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंगाचा पसारा मोठा, त्यामुळे औषध रक्तात जास्त उतरते. लंगोटाखाली लावले तर आणखी. मांड्यांवर कायमचे पांढरट चरे उमटलेली मुले मी पाहतो.

२०१८ साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर. उद्या सकाळी आपल्या गावात मागून पाहा. दरम्यान साध्या औषधांना दाद न देणारी बुरशी देशभर बोकाळली. २०२० साली तिच्या एका प्रकाराला शास्त्रज्ञांनी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. देशाचे नाव असे रोशन व्हायला नको होते. लहान मुलाच्या अंगावर नायटा दिसला की मी मोठ्यांना विचारतो, घरात जांघेत कुणाला आहे? बराच वेळ कुणी बोलत नाही. मग आजोबा किंवा बाप हळूच हो म्हणतो. टॉवेल एक, साबण एक, आणि ट्यूबही एकच. डोक्यातला नायटा, जिथे केस तुटून खवल्यांचा चट्टा पडतो, तो मलमाने जातच नाही. चाई समजून कांदा-लसूण घासत बसतात, त्यानेही नाही. त्याला सहा-आठ आठवडे पोटातून औषध लागते.

घरादाराला एकदम औषध हे जर खरे, तर मग वस्तीला का नको? फिजी बेटांवर हे करून पाहिले. एका भागात फक्त आजारी माणसांना व त्यांच्या घरच्यांना नेहमीसारखे मलम, दुसऱ्या भागात सरसकट सर्वांना मलम, तिसऱ्यात सर्वांना आयव्हरमेक्टिन. वर्षभराने तिसऱ्या भागातली खरूज शेकडा ३२ वरून शेकडा २ च्या आत आली. पुळ्या कुणी मुद्दाम बऱ्या केल्या नव्हत्या, तरी त्याही दोन तृतीयांशांनी घटल्या. पहिल्या भागातली खरूज कशीबशी निम्म्यावर आली.

हे आपल्याकडे सर्वांत आधी लागू पडते ते आश्रमशाळा आणि वसतिगृहांना. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघरात झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि तपासण्याच्या यादीत खरूज, बुरशी आणि इसब लिहिलेले आहे. पण ज्या पोरांना खाज आहे तेवढ्यांना ओळीत उभे करून एकेक ट्यूब दिली तर, शेफील्डपासून फिजीपर्यंतचे सगळे पाहता, ते पैसे पाण्यात गेले. रात्र ठरवा. सगळी मुले, सगळ्या मुली, अधीक्षक, स्वयंपाकीण, पहारेकरी आणि त्यांची मुलेबाळे. ज्यांना स्वतःच्या पाठीला हात पुरत नाही त्यांना लावून द्यायला मोठ्या मुली आणि मोठे मुलगे. आठवड्याने पुन्हा. ही रात्र सुट्टीच्या तोंडावर ठेवू नका. दिवाळीहून मुले परतली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, नाहीतर घरून नवी खरूज घेऊन येतात. ज्यांच्या घरी खाज असल्याचे मूल सांगेल, त्यांच्या आशाताईंना निरोप धाडा.

एका शाळेत हे ठरवताना अधीक्षक म्हणाले, मला कशाला, मी तर वेगळ्या खोलीत झोपतो. स्वयंपाकीणबाईंनी तिथल्या तिथे विचारले, मग रात्री उठून कोपर का खाजवता साहेब? त्यांनी लावून घेतले.

आता आपले प्रश्न घेतो.